खालच्या मुलखातला पावसाळा

१२ जानेवारी, घाटनांदूर

सातवीनंतर मी सहीपलीकडं काही लिहिलं न्हाई. ही वही ऋतुजानं दिली. ऋतुजा माझी बायको. दिवाळीपासून ती इथं माहेरी हाय, आपल्या पोरीला, सत्यशीलाला घेऊन. पोर आता कुठं भिंतीला धरून चालायला लागली. काल मी दोघींना न्यायला आलतो.

ऋतुजा म्हणली, "न्यायला आलात, पर न्यायचं कुठं?"

मी सांगितलं, शहादेवनं काम बघितलंय. शहादेव लिंबागणेशचा. तिकडं कोकणात, समुद्राच्या कडंला, बर्फाच्या कारखान्यात लई वर्षांपासून मशीनवर हाय. तो म्हणतोय ये, खोली बी मिळंल.

"हैदराबादला बी खोली मिळणार होती. त्याच्या आधी चाकणला. मी हिकडं गाठोडं बांधायचं, आन् तवर तुमी तिथून निघालेले."

सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या, सुंदरबाई. त्या म्हणल्या, "जावायाच्या पायाला भिंगरी हाय."

"भिंगरी न्हाई आई, मेंढरं हायत. मेंढरं इकून चार वर्षं झाली तरी ह्यांच्या पायाम्होरं चालायलेत."

आमी धनगर. माझं गाव शिरूर कासार, पर गावात आमी फकस्त पावसाळाभर. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, पोरंबाळं, कोंबड्या सगळं घेऊन वाडा, म्हणजे आमचा फिरता तळ, निघायचा, तो पावसाला परत. ऋतुजा असल्याच वाड्यावर जन्मली, एका ऊसवाल्याच्या बांधाला. तिच्या बापानं बी मेंढरं इकली आन् इथं घर बांधलं. तिला घर आवडतं. मला घरात झोप येत न्हाई.

ती म्हणली, "एका जागी पावसाळा काढून दाखवा. उन्हाळा कुणी बी काढतंय. पावसाळा काढला की मी येते."

मी म्हणलं, "पावसाळा माणूस घरी काढतंय."

"तेच म्हणायले मी."

मला ते काही कळलं न्हाई. मग तिनं वही दिली. म्हणली, निघायचं मन झालं की मला फोनवर भांडू नका. कावून निघालो ते ह्याच्यात लिहा. लिहून झालं की खुशाल निघा.

हे तर सोपं हाय.

१९ जानेवारी, कारखाना

समुद्र बघितला. एवढं पाणी आन् पिता येत न्हाई, म्हणजे आमच्या पाझर तलावापेक्षा वाईट.

कारखाना बंदराला लागून हाय. आत एक लांबलचक हौद, त्याच्यात मिठाचं पाणी. ते पाणी मशीन गार करती, पर मिठामुळं ते गोठत न्हाई. त्या हौदात पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यात गोडं पाणी. दीड-दोन दिवसांनी डब्यातल्या पाण्याची लादी होती. मग डबा वर वडायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, वाकडा करायचा, की लादी सुळकन बाहेर. ती फोडून बोटीवाल्यांना द्यायची, माशावर टाकायला.

मी शिरूर कासारचा. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी घागरीनं डोकी फुटतात. आन् मी इथं पाण्याचे दगड करायलोय.

शहादेव म्हणला, "एक ध्यानात ठेव बे म्हाळू. इथं घाई चालत न्हाई. पाण्याला दम देता येत न्हाई."

२ फेब्रुवारी

निघणार. कारण लिहितो.

मालक मयेकर शेठ मला नावानं हाक मारत न्हाई. ए बीड म्हणतो. बीड, डबे भर. बीड, जेवलास काय? बीड हा जिल्हा हाय, माणूस न्हाई. म्हाळू म्हणायला काय जीभ झिजती? नाव चांगलं देवाचं हाय. जिथं नाव न्हाई तिथं राहायचं न्हाई, हा माझा हिशोब.

हे शहादेवला वाचून दाखवलं. तो मशीनला तेल घालत होता. म्हणला, "मला दोन वर्षं लिंबू म्हणायचा."

"लिंबू?"

"लिंबागणेशचा म्हणून. तू बीड तरी हायस, अख्खा जिल्हा."

तवर जेवायची वेळ झाली. बांगडा होता. मला अजून काटा नीट काढता येत न्हाई. उद्या बघू.

३ फेब्रुवारी

रागच राहिला न्हाई. वाचलं तर चार ओळी नुसत्या बीड, बीड.

२१ फेब्रुवारी

आज चूक झाली ती माझीच, पर निघायचं कारण ती न्हाई.

दुपारी बंदरावर बोटी लई होत्या, बर्फाला घाई. शहादेव जेवायला गेलता. मी वरून बघितलं, डब्यात पांढरं झालतं, वाजवून बघितलं तर टणक. वडले सहा डबे आन् दिल्या लाद्या. एका बोटीच्या तांडेलानं, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्यानं, पहिलीवर हातोडा घातला, तर मधून पाणी भळभळ. लादी कडंनं गोठतीय, मधलं पाणी सगळ्यात शेवटी. ते मला सांगितलं होतं, पर उभं राहून वाट बघायला नको वाटलं.

तांडेल ओरडला, "शेठ, मी बर्फ मागितला, तुम्ही विहीर दिलात."

सगळे हसले. शेठ बी हसला. मला वाटलं आता शिव्या घालंल, तर म्हणतो, "बीडवाल्यांनी विहीर खणली तर नवल काय. जा रे, दुसऱ्या दे त्याला." आन् चहा सांगितला, मला बी.

कारण हेच. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. चूक केली की माणसानं शिव्या घालाव्यात. हा चहा पाजतो म्हणजे मनात काहीतरी हाय. शहादेव म्हणतो, "मनात काही न्हाई बे त्याच्या, डोक्यात बी फार न्हाई. चहाची वेळ झालती."

मला पटलं न्हाई. पर बॅग भरायला गेलो तर शर्ट ओले होते.

११ मार्च

शेठनं मशीनघराची किल्ली माझ्याकडं दिली. म्हणला, शहादेवबरोबर बस, मशीन शिकून घे, किती दिवस डबे वडणार.

लोकांना वाटंल बरं झालं. पर मी विचार केला. आता मशीनघरात काही इकडचं तिकडं झालं की नाव कुणाचं? म्हाळूचं. कंबरंला किल्ली बांधली की माणूस खुंट्याला बांधला. बकरं बी पाला दाखवूनच बांधतात.

असं माझ्यासंगं हमेशा होतंय. हैदराबादला बेकरीत सगळं ब्येस होतं. मालकानं भट्टी माझ्या हवाली केली आन् त्याच आठवड्यात तो माझ्याशी तिरकं बोलायला लागला. चाकणला मला लाईनीचा म्होरक्या केलं आन् लगेच पोरं माझ्यावर जळायला लागली. डांबराच्या कामावर मुकादमानं रोलर शिकवायला घेतला, दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी वाजलं. जरा बरं चाललं की माणसं बदलतात. मी काय करणार?

निघणार.

१२ मार्च

सकाळी मशीनघर उघडावं लागलं, किल्ली माझ्याकडंच होती. दुसऱ्याला द्यायची तर शेठ जागा न्हवता. उघडलं मग शहादेव आला आन् अमोनियाचा वास कसा ओळखायचा ते सांगत बसला. डोळ्यातून पाणी काढलं माझ्या. म्हणला, "हा वास ध्यानात ठेव. हा आला की बहादुरी न्हाई करायची. आधी तोंडाला ओला फडका, मग वाल्व."

असलं मला पयल्यांदाच कुणी शिकवलं. आज निघायला वेळच झाला न्हाई.

६ एप्रिल

ऋतुजाला फोन केला. मी तिला मशीनीचं सगळं सांगितलं, दाब किती पाहिजे, काटा कुठं पाहिजे. ती मधीच विचारती, "खोलीला मोरी हाय का?"

"हाय."

"पाणी आतच येतं का भरावं लागतं?"

"आत येतं. तर तो काटा खाली आला म्हणजे..."

"दाराला कडी आतून हाय का?"

मी नाराज झालो. माणूस एवढ्या लांबून कामाचं सांगतंय आन् हिला मोरी आन् कडी. मग पोरीला फोन दिला. पोर फोनमधी नुसती श्वास घेती. तरी मी लई वेळ धरून बसलो.

२२ मे

आबांचा फोन आलता. आबा म्हणजे माझा बाप, गहिनीनाथ. मेंढरं इकल्यापासून गावात पारावर बसून आभाळ बघतेत.

"घाट चढलास का?"

"न्हाई."

"न्हाई? पाऊस दारात आलाय. खालच्या मुलखात पावसात थांबायचं नसतंय. खूर सडतात. तुझ्या आज्यानं एकदा आठ दिवस जास्ती काढले तिथं, भाताच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून घेणाऱ्यानं धान्य जास्ती कबूल केलं म्हणून. निम्मा कळप लंगडत घाटाखाली मेला. आपल्यात मिरगाच्या आधी वर यायचं, हे काय तुला नवीन सांगायचं?"

नवीन न्हाईच. लहानपणापासनं ऐकत आलोय. वैशाख सरायला लागला की आजी कोकणाकडं तोंड करून थुकायची.

आन् इथं बी सगळे आवरायलेत. जून-जुलै मासेमारी बंद, मग बर्फ कुणाला पाहिजे? डबे वडणारे सगळे आपापल्या गावाला निघाले. शहादेव बी दर साली लिंबागणेशला जातो, पेरणीला. संध्याकाळी शेठ म्हणला, "बीड, तू थांबशील काय बंदीत? मशीन उघडायची आहे, डबे खरवडून रंगवायचे आहेत. मागची खोली घे, मोठी आहे, बायको-पोर आणता तरी येतील."

मी म्हणलं, बघतो. रात्र झाली तरी पाऊस यायच्या आधीचा वारा हाय. पाय नुसते चुळबुळ चुळबुळ.

२६ मे, घाटनांदूर

वही बॅगेच्या तळाला होती. आज काढली.

तीन दिवसाखाली उजाडायच्या आत निघालो. कुणाला सांगितलं न्हाई. आमच्यात वाडा हलवताना सांगत न्हाईत, सांगितलं की कोणीतरी आडवं येतं. किल्ली मशीनघराच्या कडीला अडकवली. एस.टी. घाट चढायला लागली तसं छातीवरचं उतरलं. वाटंत दोन वाडे बघितले, घोडी लादलेली, मेंढरं रस्त्याच्या कडंनं वर चाललेली. वाटलं आपण बराबर टायमाला निघालो.

शिरूरला न जाता सरळ इथं आलो. ऋतुजा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मला बघून उठली न्हाई.

"काय झालं?"

"काही न्हाई. पाऊस यायलाय."

"मग?"

"मग काय? मिरगाच्या आधी घाट चढावा लागतोय. खालच्या मुलखात पावसात खूर सडतात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या पायाकडं बघितलं. मग हसायला लागली. अशी हसली की सूप सांडलं. सासूबाई आतून आल्या, काय झालं म्हणून. ऋतुजाला बोलता येईना, नुसतं माझ्या पायाकडं बोट करायली.

"आई, जावायाचे खूर बघ. सडतेत म्हणून पळून आले."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. पोर बी हसली, तिला काय कळलं कुणास ठाऊक. मी चप्पल घालून वेशीपर्यंत जाऊन आलो.

परत आलो तवा ऋतुजा हसत न्हवती. शेंगा तशाच पडलेल्या आन् ती दाराला टेकून बसलेली. डोळे लाल होते, हसूनच झाले असतील. मी म्हणलं, इथंच काहीतरी काम बघतो, अंबाजोगाईला. ती पडलेल्या शेंगा गोळा करायला लागली.

मग आठवलं, कारण लिहायचंच राहिलं. तेच लिहायला वही काढली. लिहितो.

मी निघालो कारण पाऊस

२७ मे, घाटनांदूर

कालचं तेवढंच राहिलं. म्होरं काय लिहावं ते सुचलं न्हाई. मेंढरं न्हाईत. कुणाच्या भातात कळप बसवायचा न्हाई. शेठ काही बोलला न्हाई, उलट खोली देत होता. लई येळ पेन धरून बसलो.

सकाळी उठलो तर चूल पेटलेली. ऋतुजानं भाकरी केल्या, इथं खायच्या तेवढ्या न्हाई, लई. फडक्यात बांधल्या, वर शेंगाची चटणी, हिरव्या मिरच्याचा ठेचा, कांदे. माझ्या बॅगेवर ठेवल्या.

मी म्हणलं, "मी कुठं म्हणलो जातो म्हणून?"

"मी बी कुठं म्हणले जा म्हणून? भाकरी केल्यात."

दुपारच्या गाडीनं निघालो.

२९ मे, कारखाना

घाट उतरताना पाऊस लागला. समोरून मेंढरं वर यायलेली आन् मी एकटा खाली. एक म्हातारा धनगर एस.टी.कडं बघत होता, मला उगंच वाटलं माझ्याकडंच बघायलाय.

किल्ली कडीला तशीच. शेठ पडवीत बसून जाळ्याची गाठ सोडवत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, सासूबाई आजारी होत्या असं सांगणार होतो.

तो वर न बघता म्हणला, "ती किल्ली आत घे. गंजेल बाहेर."

१८ जून

मागच्या खोलीत आलो. एकटाच. पाऊस थांबत न्हाई. आमच्याकडं पाऊस पाव्हण्यासारखा येतो, चहा पिऊन जातो. इथं तो भाडेकरू हाय.

सकाळी डबे खरवडायचे, दुपारी खरवडायचे, संध्याकाळी गंजाचं लाल पाणी अंगावरून धुवायचं. बोलायला कुणी न्हाई. रात्री पत्र्यावर एवढा आवाज की आपल्या मनातलं बी ऐकू येत न्हाई, ते एक बरं.

१ जुलै

पायाच्या बोटांच्या बेचक्यात सडलं. खरंच. कातडं पांढरं पडून सुटायला लागलं, चालताना आग होती. इथले लोक ह्याला चिखल्या म्हणतात. शेठच्या घरच्यांनी, मयेकर वहिनींनी, खोबरेल तेलात हळद दिली लावायला. म्हणल्या, "पाय कोरडे ठेवा हो." कशावर कोरडे ठेवू?

आबांना फोनवर सांगितलं. मला वाटलं काळजी करतील. किती खुश झाले. "म्हणलं न्हवतं? म्हणलं न्हवतं?" मग शेजारच्या माणसाला सांगताना ऐकू आलं, "आमच्या म्हाळूचे खूर सडले." मग म्हणले, "ये बाबा वर, अजून येळ गेली न्हाई."

मी म्हणलं, "हळद लावलीय."

ऋतुजाला हे सांगितलं न्हाई.

१६ जुलै

आज निघायचं मन झालं. लई जोरात. कारण लिहायला बसलो.

आज काही झालं न्हाई. कुणी काही म्हणलं न्हाई. काल बी न्हाई. शेठ दोन दिवस इकडं फिरकला न्हाई. डबे निम्मे झाले, निम्मे राहिले. भात केला, खाल्ला. काही झालं न्हाई म्हणूनच निघावं वाटायलंय. भांडणाला बी माणूस न्हाई. आता मला असं वाटायलंय की आधी बी निघायचं मन आधी व्हायचं आन् भांडण मागून. पर हे खरं असंल तर त्या बेकरीवाल्याला मी जे बोललो ते... जाऊ द्या. हे नको लिहायला.

गावाकडं आता मेंढरं घरी आली असतील, ज्याच्याकडं हायत त्याच्याकडं. वाघरं, मेंढरांभोवती लावायची जाळी, वाळत घातली असतील.

लिहून झालं. ती म्हणली होती लिहून झालं की खुशाल निघा. बॅग काढली. बॅगेला बुरशी आलेली. ती पुसत बसलो, मग बॅग परत टांगली. एक डबा रंगवून टाकला.

३ ऑगस्ट

शहादेव आला. पेरणी झाली, पीक चांगलं हाय म्हणला. डब्यांची रांग बघितली, एक एक वाजवून बघितला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"एकट्यानं?"

"न्हाई, तुझी सासू आलती मदतीला."

पाठीत एक गुद्दा घातला त्यानं. मग दोघांनी मशीन चालू केली. पयल्यांदा आवाज बदलला तो मला आधी कळला, त्याला मागून. हौद गार व्हायला दोन दिवस लागतील. बसलोय.

३० ऑगस्ट

ऋतुजा आली. मी बोलवलं न्हवतं.

सकाळी फोन आला, रत्नागिरीच्या स्टँडवर हाय म्हणून. मला खोटं वाटलं. गेलो तर खरंच, एका बाकड्यावर पोर मांडीत आन् शेजारी गाठोडं. तिच्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेलं.

मी म्हणलं, "पावसाळा अजून संपला न्हाई."

"संपल्यावर आले असते तर मला काय कळलं असतं कसा काढला."

रिक्षात ती सगळं बघत होती. खोलीत आल्यावर आधी मोरी बघितली, मग कडी लावून बघितली, मग काढून. माझे पाय बी बघितले. मला वाटलं हसंल, पर न्हाई हसली.

पोरीला लादी दाखवली. तिनं हात लावला आन् झटकन मागं घेतला. म्हणली, "भाजलं." शहादेव दिवसभर ज्याला त्याला सांगायलाय.

४ सप्टेंबर

गणपती हायत. मयेकर वहिनींनी मोदक आणून दिले. ऋतुजानं एक खाल्ला, लई येळ लावून, मग म्हणली, "गोड हाय, पर भाताचं कशाला?" वहिनी दारातच उभ्या होत्या. हसल्या. म्हणल्या, "तुमची पुरणपोळी करा एकदा, मग बोलू."

सगळं ठीक हाय. पर एक बघतोय. गाठोडं तिनं सोडलं न्हाई. कोपऱ्यात तसंच ठेवलंय. पोरीचं झबलं पाहिजे असलं की गाठ सोडती, झबलं काढती, परत गाठ मारती. तवा, पातेलं सुदिक वापरून झालं की धुऊन पुसून परत आत. माझ्या आईचं असंच असायचं वाड्यावर. कुठल्या बी घडीला घोड्यावर लादता आलं पाहिजे.

हिला घर पाहिजे होतं ना? मग सोडत कावून न्हाई?

९ सप्टेंबर

गाठोडं कोपऱ्यात.

आज सकाळी पाळीवर जाताना म्हणावं वाटलं, की बाई, आता सोड ते. तोंडापर्यंत आलं. पर ती गाठ मारत होती तवा तिचे हात बघितले, ती बघत सुदिक न्हवती, पोरीशी बोलत होती आन् हात आपले आपण गाठ मारायलेले. मग न्हाई बोललो. पाण्याला दम देता येत न्हाई म्हणतो शहादेव, मी काय बायकोला देणार.

शेठनं दुपारी विचारलं, "काय, रमली काय मंडळी?" मी म्हणलं, बघायलीय अजून. तो म्हणला, "बघू दे. तू तरी कुठे लगेच रमलास."

ह्याला म्हाईत होतं म्हणजे.

१४ सप्टेंबर

सकाळची पाळी करून आलो. दाराला कडी बाहेरून. उघडलं तर आत कुणी न्हाई आन् कोपरा रिकामा. गाठोडं गेलेलं.

मी दारातच बसलो. राग आला न्हाई, तेच मला नवल वाटलं. मनात आलं, सकाळची गाडी असंल तर ती आता घाटात असंल. गाडीत पोरीला खिडकीकडं बसवलं असंल. फोन करावा तर काय म्हणू? मी किती जागा अशाच सोडल्या, कडीला किल्ली अडकवून. तिथं बी कोणीतरी असं दारात बसलं असंल का, हे माझ्या कधी डोक्यात आलं न्हवतं.

मग मागच्या बाजूनं पोरीचा आवाज आला.

मागं पत्र्याच्या पडवीत मयेकर वहिनी आन् ऋतुजा उभ्या होत्या. पोर वळचणीच्या पाण्यात पाय आपटत होती. दोरीवर ते हिरवं लुगडं, धुतलेलं, खाली पाणी निथळायलेलं. वहिनी मला बघून म्हणल्या, "आलात? बरं झालं, धरा आता तुम्ही," आन् आत गेल्या.

मी परत खोलीत जाऊन बघितलं. मी नुसता कोपराच बघितला होता. तवा, पातेलं फळीवर. डबे फळीवर, तिखटाचा, मिठाचा, शेंगाच्या चटणीचा. पोरीची झबली खिळ्याला. तिचा आरसा खिडकीत.

बाहेर आलो. ऋतुजानं लुगडं दोरीवरून काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं. दोघांनी पिळलं. चारी कोपऱ्यांना गाठीच्या वळ्या पडल्यात, वर्षानुवर्षांच्या, त्या काही सरळ होईनात. आमी पिळत राहिलो, पाणी निघत राहिलं.

मी म्हणलं, "धुतलंस कावून?"

"वास मारत होतं. धुराचा, घोड्याचा. आईनं कधी धुतलंच न्हाई, मोकळंच कधी व्हायचं न्हाई ते."

"इथं वाळत न्हाई लवकर. शहादेवची चादर आठवड्यापासून लोंबायलीय."

"लोंबू द्या."

"आन् मधीच गाठोडं बांधायचं झालं तर?"

"ओल्यात कोण बांधतंय?" तिनं लुगडं झटकलं, माझ्या तोंडावर पाणी उडालं. दोरीवर घातलं, हातानं कोपरे वडून बघितले. "वाळंल दिवाळीपातूर."

मी म्हणलं, "शहादेव म्हणतो, इथं दिवाळीला बी दमटच असतंय."